गाडी नक्की कशाने हलली?

दरवर्षी ऑगस्ट लागला की फायनल इयरच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई टॉपिक सुचवा. त्यात एक ग्रुप हमखास असा असतो की ज्यांचं आधीच ठरलेलं असतं, मेंदूच्या सिग्नलवर चालणारी गाडी करायची, नाहीतर व्हीलचेअर, नाहीतर रोबोटिक हात. मला हा टॉपिक मनापासून आवडतो. मी ईएनटीसीला असताना आम्ही हेच केलं होतं, आणि एवढी वर्षं एम्बेडेडमध्ये नोकरी करूनही त्या एका वर्षात जेवढं इलेक्ट्रॉनिक्स अंगात मुरलं तेवढं नंतर कधी मुरलं नाही. त्यामुळे मी कुणाला नको म्हणत नाही, फक्त पहिल्याच भेटीत एक प्रश्न वहीत लिहून ठेवायला लावते. गाडी हलेल तेव्हा ती नक्की कशाने हलली, हे तुम्ही कसं दाखवणार?

प्रश्न सोपा वाटतो. पण अख्खा प्रोजेक्ट त्याच्यावर उभा आहे.

आधी सिग्नल केवढा असतो ते बघू. डोक्याच्या कातडीवर इलेक्ट्रोड लावला की मेंदूचं जे काही बाहेर येतं ते साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. आता आर्डुइनो उनो, म्हणजे पोरं प्रोजेक्टला वापरतात तो छोटा कंट्रोलर बोर्ड, ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे त्याला दिसणारी सगळ्यात लहान पायरी जवळपास ४.९ मिलिव्होल्टची. ५० मायक्रोव्होल्टचा सिग्नल त्या एका पायरीच्याही शंभराव्या भागाएवढा, म्हणजे सरळ वायर लावली तर आर्डुइनोच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. दहा हजार पट मोठा केला तर कुठे अर्धा व्होल्ट होतो आणि मग त्याला शंभरेक पायऱ्या मिळतात. आणि त्याच डोक्यावर, त्याच वायरीवर, पापणी मिटली की शेकडो मायक्रोव्होल्टचा धक्का बसतो, दात आवळले की जबड्याच्या स्नायूंचा त्याहून मोठा गोंगाट, आणि घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ तर सतत चालूच. मेंदू या सगळ्यांत सगळ्यात हळू बोलणारा आहे.

शिवाय एकेका पेशीचं काही कवटीबाहेर ऐकू येत नाही. लग्नाच्या कार्यालयाबाहेर रस्त्यावर उभं राहिलं तर आत कोण कुणाशी काय बोलतंय ते कळत नाही, पण सगळे मिळून 'सावधान' म्हणाले की ते मात्र बाहेर येतं, तसं आहे हे. हजारो-लाखो पेशी एका तालात चालल्या तरच बाहेरच्या इलेक्ट्रोडला काहीतरी कळतं. म्हणून 'मनात विचार आणला आणि गाडी डावीकडे वळली' असं पोस्टरवर लिहायच्या आधी जरा थांबायला हवं, विचाराचा मजकूर तिथून वाचता येत नाही, ताल वाचता येतो.

हा ताल माणसात पहिल्यांदा पकडला हान्स बर्गरने, जर्मनीत येनाला, १९२४ साली. तो मनोविकारतज्ज्ञ होता, हाताशी गॅल्व्हानोमीटर, आणि ज्यांच्यावर मोजमाप केलं त्यांत त्याचा स्वतःचा मुलगाही होता. मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर कशासाठी वाटतो सांगते. त्याने हे छापलं १९२९ मध्ये. मधली पाच वर्षं तो हाच प्रश्न स्वतःला विचारत बसला होता, की ही रेघ जी हलतेय ती मेंदूमुळेच कशावरून, नाडीमुळे नसेल का, श्वासामुळे, स्नायूमुळे, इलेक्ट्रोड सरकल्यामुळे? एकेक शक्यता काढत गेला. आणि तरीही छापल्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही, १९३४ मध्ये केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवलं तेव्हा कुठे जगाने मान्य केलं. आमच्या पोरांना एका सेमिस्टरमध्ये हे सगळं करायचं असतं हे मला कळतं, पण त्या पाच वर्षांतला थोडासा संशय तरी उचलायला हवा.

आमचं वर्ष होतं २०११-१२. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, कॉलेजजवळ भाड्याची खोली, चौघांचा ग्रुप. पार्टस आणायला एसटीने पुण्याला, बुधवार पेठेत, आणि तिथे नाही मिळालं तर कुणीतरी मुंबईला जाणारं गाठून लॅमिंग्टन रोडवरून मागवायचं. इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायरसाठी, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला बारीक फरक तेवढा मोठा करायला, एडी-६२० नावाची आयसी घेतली, आमच्या खिशाच्या मानाने ती महाग होती, म्हणून ती कायम बेसमध्येच बसवायची, सोल्डर करायची नाही, असा नियमच होता.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते कारण दरवर्षी प्रत्येक ग्रुपला हीच सांगावी लागते. पहिल्याच स्टेजला हजारचा गेन देऊ नका, म्हणजे तिथेच सिग्नल हजार पट मोठा करू नका. इलेक्ट्रोड आणि कातडी जिथे भेटतात तिथे आपोआप एक डीसी व्होल्टेज तयार होतं, दोन्ही इलेक्ट्रोडचं ते अगदी सारखं कधीच नसतं, आणि तो फरक दहा-वीस मिलिव्होल्ट सहज असतो. त्याला हजारने गुणलं की अँप्लिफायर सरळ सप्लायला जाऊन चिकटतो आणि तुम्ही तासन्तास वायरी तपासत बसता. आधी दहाच्या आसपास, त्यासाठी एडी-६२० ला ५.६ किलोओमचा रेझिस्टर पुरतो, मग हायपास फिल्टर लावून डीसी काढून टाका, आणि मग पुढच्या ऑपअँपवर पोटभर गेन घ्या.

दुसरी गोष्ट, आणि ही सुरक्षेची आहे म्हणून जरा आवाज चढवून सांगते, माणसाच्या अंगाला लावलेलं सर्किट बॅटरीवरच चालवायचं. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवलेला. 'पाच मिनिटांसाठीच लावतो ना' हे चालणार नाही.

आता ५० हर्ट्झ. आम्ही ट्विन-टी नॉच, म्हणजे तेवढीच एक फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर, बनवला होता, ०.१ मायक्रोफॅरडला ३१.८ किलोओम बसतो गणिताने, पण बाजारातले कपॅसिटर दहा-दहा टक्के इकडेतिकडे असतात त्यामुळे खाच ५० वर न पडता ४६ वर नाहीतर ५४ वर पडायची. मग मूठभर कपॅसिटर आणून मीटरवर मोजून त्यातले जुळणारे निवडले, रेझिस्टरही तसेच. तरीसुद्धा स्क्रीनवर जाडजूड पट्टाच दिसायचा. ट्यूबलाइट बंद केली, पंख्याचा रेग्युलेटर बंद केला, इलेक्ट्रोडच्या वायरी एकमेकींत पीळ घालून एकत्र केल्या, बॉडीवरचा कॉमन सिग्नल उलटा करून परत अंगाला द्यायचं ते राइट लेग ड्राइव्हचं सर्किट बसवलं, त्याने खूप फरक पडला, पट्टा बारीक झाला पण गेला नाही.

तो गेला लोडशेडिंगमध्ये. आमच्याकडे तेव्हा रोज संध्याकाळी लाइट जायची, आणि आसपास कुणाकडे इन्व्हर्टर नव्हता. एका संध्याकाळी रेकॉर्डिंग चालू असतानाच लाइट गेली, लॅपटॉप आणि सर्किट दोन्ही बॅटरीवर असल्यामुळे चालूच राहिलं, आणि स्क्रीनवरचा तो पट्टा एका क्षणात बारीक रेघ झाला. आमच्यातला एक नुकताच तिरुपतीहून आला होता, डोक्याचा चकोट, त्यामुळे मागच्या बाजूला इलेक्ट्रोड नीट चिकटला होता, एरवी केसांत आणि खोबरेल तेलात ते काम फार कठीण जातं. त्याला म्हटलं डोळे मीट. त्याने मिटले, आणि दीड-दोन सेकंदांत त्या रेघेवर लाटा उठायला लागल्या. एकसारख्या, लयीत, सेकंदाला दहा. डोळे उघड म्हटलं, सपाट. मीट म्हटलं, परत लाटा.

हीच बर्गरची अल्फा लय, ८ ते १३ हर्ट्झची. पुस्तकात आकृती बघितलेली होती, पण आपण स्वतः टाचणी टाचणी करून जोडलेल्या बोर्डावर, शेजारी बसलेल्या मित्राच्या डोक्यातून ती येताना बघणं हे काय असतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानंतर आम्ही आमचं सगळं वेळापत्रक महावितरणच्या वेळापत्रकाला जुळवून घेतलं, लाइट जायच्या आधी पेस्ट लावून तयार बसायचं.

आणि हीच लाट पहिला पुरावाही आहे. पापणी हलल्यामुळे जो धक्का येतो तो एकदाच येतो, मोठा आणि मंद, आणि कपाळापाशी सगळ्यात जास्त. अल्फा डोळे मिटलेले असेपर्यंत चालू राहते आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जास्त असते, कारण बघण्याचं काम करणारा भाग तिथे आहे. म्हणजे एक इलेक्ट्रोड पुढे आणि एक मागे लावला तर कोण बोलतंय ते कळतं. काही जणांची अल्फा मुळातच खूप कमी असते, अशा मुलाने निराश होऊ नये, ग्रुपमधल्या दुसऱ्याचं डोकं घ्यावं.

मग त्यावर गाडी चालवणं हे खरंतर छोटं काम. सेकंदाला २५६ सँपल, दोन सेकंदांची खिडकी, तिचा एफएफटी, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद आहे ते काढायचं गणित, त्यातली ८ ते १२ हर्ट्झमधली ताकद, ती माणसाच्या नेहमीच्या पातळीच्या वर गेली की मोटर चालू. छोटं म्हटलं तरी मोटरने आमचा अंत पाहिला. पिवळ्या बीओ मोटरी आणि त्यांना चालवणारी एल-२९३डी आयसी, मोटर सुरू होताना एवढा करंट ओढायच्या की आर्डुइनो रिसेट व्हायचा, आणि ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट थेट सिग्नलमध्ये. मोटरच्या दोन्ही पायांवर १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर, गाडीला वेगळी बॅटरी, आणि मधे वायर नको म्हणून ब्लूटूथ, एवढं केल्यावर गाडी शहाण्यासारखी वागली.

डोळे मिटून चालवायची गाडी काय कामाची असं परीक्षेला बाहेरून आलेल्या एक्स्टर्नलनी विचारलं होतं, रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. आमच्या एकीने उत्तर दिलं, सर, प्रवासासाठी ती काही कामाची नाही, पण ही मेंदूनेच हलली एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो. त्यांनी मग आमच्याकडून इलेक्ट्रोड पुढे-मागे करून घेऊन स्वतः बघितलं आणि बराच वेळ बसले.

त्याच मे महिन्यात, २०१२ मध्येच, बातमी आली होती की अमेरिकेत कॅथी हचिन्सन नावाच्या बाईंनी, पक्षाघातामुळे पंधराएक वर्षं हातपाय हलवता न येणाऱ्या, रोबोटिक हाताने कॉफीची बाटली उचलून तोंडाशी आणली आणि स्ट्रॉने प्यायल्या. ब्रेनगेट नावाच्या संशोधन प्रकल्पाचा प्रयोग. त्यांच्या मेंदूत, हालचालीच्या भागावर, गोळीएवढी छोटी ९६ इलेक्ट्रोडची चिप बसवलेली होती. कार्यालयाच्या आत जाऊन माईक लावण्यासारखंच ते, आम्ही बाहेर रस्त्यावर होतो. फरक केवढा मोठा आहे ते कळत होतं, आणि तरीही एकाच कामाची ही दोन टोकं आहेत असं वाटून जो आनंद झाला तो खरा होता. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसला झाक विदाल नावाच्या प्राध्यापकाने मेंदू आणि कॉम्प्युटर असे थेट जोडता येतील का हे पहिल्यांदा नीट मांडलं, तिथपासून हे सगळं चालत आलंय.

आता काळ सोपा झालाय. शरीरातले असे सिग्नल मोठे करून देणारे, भारतातच बनलेले बायोअँप ईएक्सजी पिलसारखे छोटे बोर्ड मिळतात, ईएसपी-३२ कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ फुकटात, आणि कपाळावर लावायचे रेडीमेड हेडसेटही आहेत जे थेट 'अटेन्शन' म्हणून शून्य ते शंभर असा आकडा देतात. मागच्या वर्षी ज्या ग्रुपबरोबर मी शनिवारी बसायचे त्यांच्याकडे असाच हेडसेट होता. ग्रुपमधली एक मुलगी तो लावून बसायची, लक्ष एकवटायची, आकडा ७० च्या वर गेला की गाडी पुढे. डेमो दृष्ट लागण्यासारखा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. लक्ष एकवटताना तिच्या दोन भुवयांच्या मधे आठी पडत होती, दर वेळी.

मग आम्ही प्रश्नाची वही काढली. आकड्याऐवजी हेडसेटचा कच्चा सिग्नल लॅपटॉपवर घेतला. तिला म्हटलं लक्ष बिक्ष काही नको, मनात कालच्या सिरियलचा विचार कर आणि नुसती आठी घाल. गाडी पुढे. मग उलटं, मनातल्या मनात १०० मधून सात-सात वजा करत जा पण कपाळ सैल सोड, मैत्रिणीने बोट ठेवून बघायचं कपाळ हलतंय का. गाडी जागच्या जागी. कच्च्या सिग्नलमध्ये आठीबरोबर २० हर्ट्झच्या वर सगळीकडे गवत उगवल्यासारखं दिसायचं, स्नायूचा सिग्नल असाच पसरट असतो. शेवटी एका पोराने बाजारातून कलिंगड आणलं आणि बँड त्याला बांधला. कलिंगडाला हेडसेट लावून आजूबाजूला चाललं, टेबल हलवलं, वायरीला हात लावला की आकडा वरखाली व्हायचा. ही चाचणी मी आता सगळ्यांना करायला लावते. तुमचा कोड कलिंगडावर गाडी चालवत असेल तर थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या आकड्याच्या वर गाडी हलते तो, चुकीचा आहे.

पोरं दोन दिवस गप्प होती. मग त्यांनी विचारलं की कपाळाचा हा स्नायू टाळून, खरा मेंदूचाच, आणि डोळे उघडे ठेवून चालेल असा सिग्नल कुठला? दोन रस्ते आहेत. एक, हात हलवायची नुसती कल्पना करायची. उजवा हात मुठीत आवळतोय अशी कल्पना केली की डोक्याच्या डाव्या बाजूला, सी-३ म्हणतात त्या जागी, हालचालीच्या भागावरची म्यू नावाची लय बारीक होते. ती जागा शिंप्याच्या टेपने मोजून काढता येते, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून जेवढं अंतर भरेल त्याचे २० टक्के, मधल्या बिंदूपासून डावीकडे. याला सराव लागतो, खूप लागतो, आणि काही जणांना तो करूनही जमत नाही. दुसरा रस्ता पोरांना जास्त झेपतो. वेगवेगळ्या वेगाने लुकलुकणारे एलईडी समोर ठेवायचे, समजा एक १० हर्ट्झ, एक १२, एक १५, ज्याच्याकडे माणूस टक लावून बघेल त्याच वेगाची लाट डोक्याच्या मागच्या बाजूला उठते. एलईडी झाकला की ती लाट जाते, म्हणजे पुरावाही हाताशी. फक्त कुणाला फिट येण्याचा त्रास आहे का हे आधी विचारायचंच, लुकलुकणाऱ्या दिव्याने काहींना झटका येऊ शकतो.

आणि या सगळ्यात अवघड कमांड पुढे-मागे-डावी-उजवी यांतली कुठलीच नाही. अवघड आहे 'काही करू नकोस'. मेंदू कधी गप्प बसत नाही, माणूस व्हीलचेअरवर बसून बायकोशी बोलत असतो, चहा पीत असतो, रडत असतो, त्या सगळ्या वेळात चाक हलता कामा नये. म्हणून सिग्नल तुटला, इलेक्ट्रोड निघाला, बॅटरी उतरली, काहीही झालं तरी गाडी थांबलेली असली पाहिजे, हे कोडमध्ये पहिल्या ओळीपासून हवं. रिपोर्टमध्ये अचूकता अमुक टक्के लिहितात, पण उगीच किती वेळा हलली ते कुणीच लिहीत नाही, मी ते लिहायला लावते.

याच ग्रुपमधल्या एकाच्या गावात एक गृहस्थ आहेत, चिंचेच्या झाडावरून पडून मानेला मार लागला, मानेखाली काही हलत नाही, आवाजही क्षीण झालाय. पोरं त्यांना भेटायला गेली, एलईडीचा बोर्ड, लॅपटॉप सगळं घेऊन, खुर्ची कशी चालेल ते दाखवायला. मी पण गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं, कौतुक केलं, आणि मग विचारलं, "रात्री बेल वाजवता येईल का याच्यावर? कूस बदलायला मालकिणीला हाक मारतो, ती दिवसभराची दमलेली, माझा आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. दिवे काय बाबा, अंधारात डोळे मिटून पडलेलो असतो मी."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कारण ह्यांचं कपाळ पूर्ण चालतं. चेहऱ्याच्या नसा मेंदूतून थेट येतात, मानेतून खाली जात नाहीत, त्यामुळे भुवया, पापण्या, जबडा सगळं शाबूत. जो सिग्नल आम्ही महिनाभर हाकलत होतो, तो ह्यांच्यासाठी सगळ्यात मोठा, सगळ्यात भरवशाचा होता, अंधारात चालणारा, डोळे मिटून चालणारा, आणि त्याला दहा हजारांचा गेनही लागत नाही. ज्यांना भुवई, डोळे, काहीच हलवता येत नाही अशा माणसांसाठी मेंदूच्या लाटांशिवाय रस्ता नाही आणि त्यांच्यासाठी ते काम झालंच पाहिजे. पण ह्यांना आज रात्री हवी होती ती बेल.

मग टायटल बदललं. गाइडना आधी पटलं नाही, 'ब्रेन' शब्द गेला की वजन कमी होतं म्हणाले, पोरांनी कच्चे सिग्नल पुढे ठेवून पटवलं. पापणीचा वापर केला नाही, ती दिवसभर उघडझाप करतेच. जबडाही नाही, पुष्कळ जण झोपेत दात खातात. दीड सेकंदाच्या आत दोनदा भुवया वर केल्या तरच बेल, असं ठरलं, आणि मऊ कापडी पट्टीत इलेक्ट्रोड शिवून दिले, घट्ट नको कारण कातडीला व्रण पडला तर तो त्यांचा लवकर भरून येत नाही. काकूंनी स्वतः पट्टी लावून काढून बघितली, पेस्ट किती लागते ते शिकून घेतलं, आणि बेल स्वयंपाकघरात नको, माझ्या उशाशी लावा म्हणाल्या.

आता त्यांना पंखा हवाय, त्याच पट्टीवर, तीनदा भुवया वर केल्या की चालू-बंद. या वर्षीच्या ग्रुपने रिले आणून ठेवलाय, पण मेनच्या लाइनचं काम असल्यामुळे ऑप्टोकपलर, म्हणजे दोन सर्किट वेगळी ठेवून मधे फक्त प्रकाशाने सिग्नल देणारी आयसी, आणि नीट बंद डबा असल्याशिवाय तो त्यांच्या घरात जाणार नाही असं मी सांगितलंय. डब्याला भोकं पाडायचं काम शनिवारी आहे.